यवनांनीं पाहिलेलें कल्याण

गेल्या उन्हाळ्यांत आमचे एक स्नेही ग्रीस देशाचा प्रवास करून परत आले. ठाण्याच्या वागळे इस्टेटींत ते आमचे शेजारी. त्यांनीं काढलेलीं छायाचित्रें पाहण्यासाठीं एके सायंकाळीं त्यांच्या घरीं चार मंडळी जमली होती. चित्रांत थेसालोनिकी नांवाचें एक शहर पुनःपुन्हां येत होतें. समुद्राला लागून गेलेला लांबच लांब धक्का, त्याच्या एका टोंकाशीं उभा असलेला पांढरा बुरूज, मावळतीचा प्रकाश आणि त्या प्रकाशांत सहकुटुंब फिरावयास निघालेले नागरिक, असें तें दृश्य होतें. स्नेह्यांची कन्या महाविद्यालयांत शिकते. चित्रें पाहून झाल्यावर ती म्हणाली, "काका, आपल्याकडे असें एखादें शहर कां झालें नाहीं?"

प्रश्न सहज विचारलेला होता. पण तो आमच्या मनांतून जाईना. ज्या दिवाणखान्यांत तो विचारला गेला त्याच्या खिडकींतून दिसत होत्या कारखान्यांच्या भिंती, कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारती आणि काम सुटल्यावर रिक्षांसाठीं उभी राहिलेली माणसांची रांग. वागळे इस्टेट हें नांव उच्चारलें असतां कोणाच्याहि मनांत समुद्र उभा राहत नाहीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि त्याच्या अगदीं आरंभींच्या वसाहतींत हिची गणना होते. तेव्हां हिचा इतिहास साठ वर्षांचा, आणि तोहि यंत्रांचा. अशा जागीं वाढलेल्या मुलीस आपण समुद्राकांठचीं माणसें आहों हें कळावें तरी कसें? परंतु तिच्या प्रश्नाचें खरें उत्तर असें आहे कीं, तसें शहर आपल्याकडे झालें होतें. तें आमच्या घरापासून फार तर तासाभराच्या वाटेवर आहे. आणि दोन हजार वर्षांपूर्वीं खुद्द ग्रीक खलाशी त्याच्या धक्क्याला लागत होते. त्या शहराचें नांव कल्याण.

हें नांव ऐकून वाचकांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. कल्याण म्हणजे आगगाड्यांचें जंक्शन, फलाटावरची गर्दी आणि पुलावरची धक्काबुक्की, एवढीच आपली कल्पना. इतिहासाची आवड असणारांस फार तर सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आठवते, आणि तीहि समकालीन आधार नसलेली. पण शहराची योग्यता त्याच्या आजच्या फलाटावरून ठरवूं लागलों, तर अथेन्सचीहि धडगत नाहीं. म्हणून प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, समुद्राकांठच्या शहराचें आकर्षण असतें तरी कशांत.

थेसालोनिकीचेंच उदाहरण घेऊं. इ. स. पूर्वीं ३१५ च्या सुमारास मॅसिडोनियाचा अधिपति कॅसँडर यानें तें वसविलें आणि आपल्या पत्नीचें, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचें, नांव त्यास दिलें. पुढें रोमन लोकांनीं एड्रियाटिक समुद्रापासून पूर्वेकडे जो राजमार्ग बांधला, तो या शहरावरून गेला. मागें रस्ता आणि पुढें बंदर, या दोहोंच्या सांध्यावर त्याचें भाग्य उभें राहिलें. सेंट पॉलचीं दोन पत्रें तेथील ख्रिस्ती मंडळीस उद्देशून आहेत. १४३० सालीं तें तुर्कांनीं जिंकलें. १४९२ सालीं स्पेननें हांकून दिलेल्या यहुदी लोकांना त्यानें आसरा दिला, आणि पुढें कित्येक शतकें त्या बंदरावर यहुद्यांचा राबता होता. १९१२ सालीं शहर ग्रीसकडे आलें, १९१७ सालीं आगींत त्याचा मोठा भाग भस्मसात् झाला, आणि १९४३ सालीं नाझींनीं तेथील चाळीस हजारांहून अधिक यहुदी नागरिकांना गाड्यांत कोंबून मृत्यूच्या छावण्यांकडे नेलें. इतकें भोगून झालेल्या शहरांत प्राचीन वैभवाचे अवशेष कितीसे उरणार? तरीहि प्रवासी तेथें जातो आणि मोहून परत येतो. याचें कारण आमच्या मतें असें कीं, बंदराचें शहर हें मुळांत एक दार असतें. त्यांतून कोण आलें, कोण गेलें, कोणाला आंत घेतलें, कोणावर तें बंद झालें, हाच त्या शहराचा इतिहास. आणि जोंवर तेथील माणसें सायंकाळीं त्या दाराकडे तोंड करून बसतात, तोंवर त्याचें आकर्षण टिकतें.

आतां या दृष्टीनें कल्याणकडे पाहावें. राजमाचीच्या परिसरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर यांवरून उतरत कल्याणपाशीं येते, आणि तेथें तिला समुद्राच्या भरतीचें पाणी भेटतें. भातसेचें पाणी पोटांत घेऊन आलेली काळू नदीहि जवळच तिला मिळते. येथून पुढें नदी ही नदी न राहतां खाडी होते. ती ठाण्याच्या उत्तरेनें वळून वसईपाशीं समुद्रास मिळते. आणि ठाण्याजवळ तिचा सांधा मुंबईच्या बंदराकडे उतरणाऱ्या दुसऱ्या खाडीशींहि जुळतो. म्हणजे कल्याणहून निघालेल्या गलबताला समुद्रावर जाण्यास दोन वाटा. उघड्या समुद्राच्या वादळांपासून दूर, तरी भरतीच्या पाण्यावर माल थेट बाजारापर्यंत येणार, अशी ही जागा. आणि पाठीमागें पाहावें तों सह्याद्रि. काळूच्या खोऱ्याच्या बाजूनें मुरबाड, वैशाखरे असा मार्ग नाणेघाटाला जाऊन भिडतो. घाट चढला कीं जुन्नर, आणि तेथून पुढें सातवाहनांचें पैठण. नाणेघाटांतील गुहेंत सातवाहनांच्या राणीचा शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजहि उभा आहे. थेसालोनिकीच्या मागें जसा रोमन राजमार्ग, तसा कल्याणच्या मागें नाणेघाट.

येथें 'यवन' या शब्दाविषयीं थोडा खुलासा केला पाहिजे. आपल्या बखरींत हा शब्द मुसलमानांस उद्देशून येतो. परंतु त्याचा मूळ अर्थ ग्रीक असा आहे. आयोनिया या ग्रीक प्रांतावरून जुन्या इराणी भाषेंत 'यौन', प्राकृतांत 'योन' आणि संस्कृतांत 'यवन' हीं रूपें रूढ झालीं. पुढें पश्चिमेकडून आलेला कोणीहि परका या एकाच नांवानें ओळखला जाऊं लागला. शब्द सुद्धां बंदरासारखेच असतात. त्यांत नवा माल येतो आणि जुन्याची आठवण बुजते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत इजिप्तकडील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती देणारें एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्याच्या कर्त्याचें नांव काळाच्या ओघांत नष्ट झालें. पुस्तक मात्र 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध आहे. वाङ्मय म्हणून पाहूं गेल्यास तें अगदीं रुक्ष. कोणत्या बंदरीं काय खपतें, तेथून काय घ्यावें, खडक कोठें आहेत, राजाचा स्वभाव कसा, एवढ्याच गोष्टी त्यांत आहेत. कर्त्याला इतिहास लिहावयाचा नव्हता. त्याला नफा-तोटा सांगावयाचा होता. म्हणूनच त्याची साक्ष आम्हांस मोलाची वाटते. स्तुति करण्याचें त्याला कारण नव्हतें आणि निंदा करण्याचेंहि नव्हतें.

हे व्यापारी साधारणतः जुलै महिन्यांत इजिप्तहून निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या पाठबळावर अरबी समुद्र ओलांडीत. ज्या वाऱ्याची आपला शेतकरी पावसासाठीं वाट पाहतो, तोच वारा ग्रीकांचीं शिडें फुगवीत असे. हिंवाळ्यांत वारा उलटला म्हणजे तीं जहाजें माघारीं जात. येतांना त्यांच्यांत इटलीचें मद्य, तांबें, कथील, शिसें, पोवळें, कांच असा माल असे; जातांना हस्तिदंत, अकीक, सुगंधी द्रव्यें, पिंपळी आणि मुख्यतः सुती कापड असे. कापड पैठण आणि तगर, म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर, येथून समुद्राकडे येई. ज्या तेरला आपण गोरा कुंभाराचें गांव म्हणून ओळखतों, तेथील मलमल ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणांत आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना प्रथम सांगितली म्हणजे ती त्यांना खरी वाटत नाहीं.

याच पुस्तकांत भडोच, सोपारा यांच्या पाठोपाठ 'कल्लिएना' हें नांव येतें. तें कल्याणच, याविषयीं शंका नाहीं. त्याच्याविषयींचा मजकूर एका वाक्याएवढा आहे, पण त्या वाक्यांत एका शहराचें सारें दुःख आहे. त्याचा आशय असा: सरगणस नांवाच्या थोरल्या राजाच्या काळांत हें नियमित व्यापाराचें बंदर होतें, परंतु संदनेस याच्या ताब्यांत गेल्यापासून तेथें फार अडथळे आले, आणि आतां एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें लागलेंच तर पहारा बसवून त्याची रवानगी भडोचला केली जाते. सरगणस म्हणजे सातकर्णि असें विद्वान् मानतात. म्हणजे सातवाहनांच्या अमलाखालीं उघडें असलेलें दार शत्रूनें बंद केलें होतें.

असें कां व्हावें? पश्चिम किनाऱ्यावर त्या काळीं दोन सत्तांची झुंज चालू होती: एका बाजूस पैठणचे सातवाहन, दुसऱ्या बाजूस शकांचे क्षत्रप. भडोच क्षत्रपांचें बंदर. पेरिप्लसच्या कर्त्यानें सांगितलेलें अंतर ध्यानांत घेण्यासारखें आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर त्याच्याहि पुढें दहा दिवस. रस्ते नसलेल्या प्रदेशांतून गाड्यांवर लादून माल भडोचला न्यावा लागे. पैठणाहून नाणेघाटानें कल्याणास उतरणें याहून कितीतरी सोईचें. शिवाय खंबायतच्या आखातांतील भरती-ओहोटीचें भय त्याच पुस्तकांत विस्तारानें वर्णिलें आहे. राजाच्या नोकरींतील कोळी पुढें होऊन वाट दाखवीत, तेव्हां कोठें जहाज भडोचला पोंचे. जवळचा घाट आणि निर्धास्त खाडी सोडून लांबची वाट आणि धोक्याचें आखात पत्करण्यास व्यापारी आपण होऊन तयार झाला नसता. त्याला पहारा बसवूनच न्यावें लागलें. जकात आपल्या बंदरीं पडावी एवढ्यासाठीं एका शहराच्या तोंडावर दार लावण्यांत आलें.

या झुंजीचा निकाल पुढें सातवाहनांच्या बाजूनें लागला. नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. तीं क्षत्रप नहपान याचीं नाणीं. आणि त्यांपैकीं बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णि यानें स्वतःचा छाप पुन्हां ठोकलेला आहे. एका राजाच्या मुखावर दुसऱ्याची मुद्रा उमटलेली तीं नाणीं हातीं घेतलीं म्हणजे त्या युद्धासाठीं दुसरा इतिहास वाचावा लागत नाहीं. आणि कल्याणचें काय झालें? त्याचें उत्तर कान्हेरीच्या लेण्यांनीं दिलें आहे. तेथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें पुनःपुन्हां येतात. कोणी व्यापारी, कोणी सोनार, कोणी लोहार. कोणी पाण्याचें टांकें खोदविलें, कोणी बसावयास ओटा करविला. ज्या गांवचा लोहारहि लेण्याला दान देतो, त्या गांवाचा बाजार चालत असलाच पाहिजे. बंद झालेलें दार पुन्हां उघडलें होतें.

त्या दारांतून केवळ माल आला असें मात्र नाहीं. नाणेघाट चढून गेलें कीं जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांचीं दानें कोरलेलीं आढळतात; एकानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं, दुसऱ्यानें संघासाठीं भोजनमंडप दिला. कार्ले येथील चैत्यगृहांतील कित्येक खांब यवनांनीं दिलेले आहेत. या दात्यांचीं नांवें पाहिलीं तर पुष्कळशीं आपल्याकडचीं वाटतात, आणि देवधर्महि त्यांनीं येथलाच स्वीकारलेला दिसतो. व्यापारासाठीं आलेला मनुष्य तहानेल्या पांथस्थासाठीं डोंगरांत टांकें खोदवितो, त्या वेळीं तो परका कितीसा उरतो? उलट दिशेचीहि साक्ष आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडींत पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ति मिळाली. समुद्रापासून इतक्या दूर हा समुद्राचा देव कोणाच्या सामानांतून आला असेल? आणि इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या उजाड झालेल्या बंदरांत उत्खनन करणारांना हिंदुस्थानचें सागवान सांपडलें, रांजणभर मिरीं सांपडलीं, आणि अलीकडे, म्हणजे २०२३ सालीं, तेथें मिळालेल्या एका बुद्धमूर्तीची वार्ता प्रसिद्ध झाली. वाट दोन्ही बाजूंनीं वाहती होती.

यानंतर पांचशें वर्षांनीं आणखी एक साक्षीदार पुढें येतो. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नांवाचा व्यापारी, जो पुढें संन्यस्त झाला, हिंदुस्थानच्या मोठ्या बंदरांच्या यादींत 'कल्लियाना'चें नांव घेतो. तेथून तांबें, शिसवीसारखें लांकूड आणि कापड बाहेर जातें असें तो सांगतो; आणि तेथें इराणांतून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचेंहि लिहितो. कॉस्मसचें कल्लियाना म्हणजे आपलेंच कल्याण असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. रोमचें साम्राज्य मोडलें, सातवाहन गेले, क्षत्रप गेले. पण दाराची ये-जा चालूच राहिली.

पुढें उत्तर कोंकणांत शिलाहारांचें राज्य झालें, आणि भाग्य खाडीनें थोडें खालीं सरकून श्रीस्थानकास, म्हणजे ठाण्यास, आलें. कल्याणपासून चार पावलांवर अंबरनाथचें शिवालय आहे. त्यावरील लेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष आहे. खाडीच्या व्यापारानें ज्या राज्याची तिजोरी भरली, त्याचें मन कोठें रमलें होतें हें त्या देवळाच्या भिंतींवरील शिल्पें सांगतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याच्या राज्याविषयीं लिहितो, तेव्हां कातडीं व सुती कापड यांच्याबरोबर एक चमत्कारिक गोष्टहि सांगतो. येथील राजाचा चांच्यांशीं करार होता कीं, लुटींत सांपडतील ते घोडे राजाचे आणि बाकीचा माल चांच्यांचा. घोडे परदेशांतून आणावे लागत, म्हणून ही युक्ति! पेरिप्लसच्या काळीं राजानें जहाजें पहाऱ्यांत धाडलीं. पोलोच्या काळीं राजा चोरांचा भागीदार झाला. पुढें १३२१ सालीं ठाण्यांत चार फ्रान्सिस्कन साधूंची हत्या झाली. दाराची राखण करणारा जर स्वतःच लोभी किंवा असहिष्णु झाला, तर बंदराची कीर्ति दुष्कीर्तींत बदलण्यास वेळ लागत नाहीं. आणि हा दोष परक्यांच्या पुस्तकांत आपल्या नांवावर कायमचा लिहिला जातो.

कल्याणच्या खाडीचें महत्त्व नव्यानें ओळखणारा पुरुष म्हणजे शिवाजी महाराज. १६५७ सालीं त्यांनीं कल्याण-भिवंडी घेतली आणि येथें आरमाराची उभारणी आरंभिली. खाडीच्या कांठचा दुर्गाडी किल्ला त्याच काळाची आठवण. १६५९ च्या सुमारास येथें जहाजें बांधण्याच्या कामीं रुय लैतांव व्हियेगस व त्याचा मुलगा हे पोर्तुगीज कारागीर होते. त्यांच्या सरकारला भीति वाटली, आणि इशारा मिळतांच ते काम सोडून निघून गेले. तरी गलबतें झालींच. घाटावरच्या मराठ्याला समुद्राचें दार आपल्या हातीं हवें हें कळलें, तें कल्याणास.

मग हें बंदर संपलें कसें? कोणा राजानें तें पुन्हां बंद केलें नाहीं. जहाजें मोठीं झालीं. नदीनें वाहून आणलेल्या गाळानें खाडी उथळ होत गेली. आणि मुंबईच्या खोल पाण्यानें सगळा व्यापार आपल्याकडे ओढला. असें नशीब कल्याणच्याच वांट्यास आलें असें नव्हे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर मिलेटस नांवाचें ग्रीक शहर होतें, तत्त्ववेत्त्या थेलीसचें जन्मस्थान. प्राचीन काळीं त्याला चार बंदरें होतीं. मिअँडर नदीच्या गाळानें तीं सर्व भरून आलीं. आज त्याचे अवशेष समुद्रापासून कित्येक मैल दूर शेतांत उभे आहेत. मिलेटस ओसाड झालें. कल्याण मात्र ओसाड झालें नाहीं, आणि येथेंच त्याची खरी मौज आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ती कल्याणास पोंचली. इंग्रज इंजिनियरांनीं पेरिप्लस वाचून मार्ग आंखला नव्हता. तरी त्यांनाहि लोहमार्गाचे दोन फांटे फोडण्यास जागा सांपडली ती कल्याणचीच. एक फांटा बोरघाटानें १८६३ सालीं दख्खनवर चढला, दुसरा थळघाटानें १८६५ सालीं नाशिक-खानदेशाकडे गेला. नाणेघाटाचें काम दोन नव्या घाटांनीं वांटून घेतलें. ज्या कारणासाठीं ग्रीकाचें गलबत येथें लागत असे, त्याच कारणासाठीं आज गाडी येथें थांबते: घाटावरचा देश आणि समुद्र यांचा सांधा येथें आहे. ज्याला आपण जंक्शन म्हणून नाक मुरडतों, तें जुनें बंदरच होय. फक्त पाण्याच्या जागीं रूळ आले. फलाटावर ज्या गर्दीचा आपणांस वीट येतो, त्या गर्दीला दोन हजार वर्षांची परंपरा आहे.

आणि येथील माणसांची वृत्ति? १८६५ सालीं कल्याणास एक मुलगी जन्मली. १८८३ सालीं, स्त्रीनें समुद्र ओलांडणें हें पाप समजलें जात असतां, ती कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस निघाली आणि १८८६ सालीं तेथील वैद्यकाची पदवी मिळवून डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. एका बंदरगांवानें दोन हजार वर्षें पाहुण्यांचें स्वागत केलें. त्याची परतफेड म्हणून जणूं ही एक कन्या त्यानें समुद्रापार धाडली.

तेव्हां त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मनांत आतां थोडें बदललें आहे. असें शहर आपल्याकडे झालें, टिकलें, आजहि आहे. उणीव आहे ती दुसरीकडे. थेसालोनिकीचे लोक पाण्याकडे तोंड करून बसतात. आम्हीं पाण्याकडे पाठ फिरविली आहे. ठाण्याहून कल्याणास जातांना मुंब्र्याजवळ खाडी डोळ्यांस पडते. डब्यांतील किती जण मान वर करून तिच्याकडे पाहतात? वर्षांतून एकदां गणपति विसर्जनासाठीं दुर्गाडीच्या घाटावर जावयाचें, आणि देवाला पाण्यांत सोडून घरीं परतावयाचें, एवढाच काय तो आमचा संबंध. उरलेलें वर्षभर आम्ही त्या पाण्यांत गटारें सोडतों, कारखान्यांचें पाणी सोडतों, कांठच्या तिवरांत भराव टाकतों. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाची तक्रार न्यायालयापर्यंत जावी लागली, ही आम्हां सुशिक्षितांच्या दृष्टीनें शोभेची गोष्ट नव्हे. संदनेसानें जकातीच्या लोभानें बंदर अडविलें, पण निदान त्याला त्या बंदराची किंमत ठाऊक होती. आम्हीं तें अडविलें नाहीं. आम्ही तें विसरलों. आणि विसरलेल्या वस्तूचा नाश करतांना माणसाचा हात थरथरत नाहीं.

आमच्या वसाहतींत, वागळे इस्टेटींत, पारपत्र मिळवून देणारें सरकारी केंद्र आहे. जवळून जातांना तरुण मुलांच्या रांगा दिसतात. हातांत कागदांची पिशवी, बरोबर काळजींत पडलेले आईबाप. त्यांपैकीं कोणी जर्मनीला निघालेला, कोणी अमेरिकेला, कोणी आखातांत. पूर्वीं ती रांग आम्हांस नुसती रांग वाटत असे. आतां तिच्याकडे पाहून कल्याणच्या धक्क्याची आठवण होते. दार उघडेंच आहे. फक्त तें खाडीवरून उठून आमच्या रस्त्यावर आलें आहे. त्या मुलांना परक्या देशांतील बंदरावर कोणी पहारा बसवून माघारीं धाडूं नये, आणि तेथें स्थायिक झालीं तर त्यांनींहि एखादें पाण्याचें टांकें खोदावें, अशी प्रार्थना करावीशी वाटते.

येत्या रविवारीं स्नेह्यांच्या कन्येस घेऊन दुर्गाडीवर जाण्याचें आम्ही ठरविलें आहे. भरतीची वेळ पाहून निघावयाचें, किल्ल्याच्या उंचवट्यावरून खाडीचें वळण पाहावयाचें आणि अंधार पडेपर्यंत पाण्याकडे तोंड करून बसावयाचें. तेथें पांढरा बुरूज नाहीं, संगमरवरी धक्का नाहीं. पण भरती मात्र अजून येते, आणि ती त्याच समुद्रांतून येते.